मधली चित्रं

पहिलं चित्र तिकडून येतं, शेवटचंही तिकडून.
मधली अकरा आमची.
हात वर होता. हात खाली आला.
एवढंच ते कळवतात.
येता येता तो कुठे थबकला,
कुठे त्याचं मन होईना,
हे सोलमधल्या या तिसऱ्या मजल्यावर ठरतं,
काचेखाली जळणाऱ्या ट्यूबच्या उजेडात,
चित्रामागे चारशे वॉन.
खोडलं तर तेही नाहीत.

माझं नाव पिल-नाम.
तिसरी मुलगीच झाली तेव्हा वडिलांनी रागानं ठेवलं.
अर्थ असा, की पुढचा मुलगाच हवा.
पुढचा मुलगाच झाला.
त्याचं नाव ठेवायला त्यांनी पैसे देऊन माणूस बोलावला.

गोष्ट एका टपालवाल्या बदकाची आहे.
बदक फार बोलतं.
त्याच्या बोलण्याचा तक्ता भिंतीवर चिकटवलाय,
सात चोची, एक ते सात.
एक म्हणजे मिटलेली. चार म्हणजे आ.
सातमध्ये दात दिसतात,
बदकाला दात कुठले, ते विचारायचं नसतं.
कागदावर आकडे येतात: तीन, तीन, सहा, एक.
मी चोच उघडते, मिटते, पुन्हा उघडते.
काय म्हणतंय कोण जाणे.
पोट धरून हसवतं म्हणे.

तिकडून आलेला साहेब वेंडेल,
लाल पेन्सिलीचा,
आठ महिने हॉटेलात राहिला.
पंखाची तीन पिसं मोजून बघायचा, चौथं दिसलं की गोल करायचा.
आम्ही त्याला पाठीमागे 'तीन पिसं' म्हणायचो.
एका रात्री भाग विमानात चढवून झाल्यावर
गल्लीतल्या ताडपत्रीच्या तंबूत
त्यानं पाकिटातून फोटो काढला.
टेबलाशी बसलेली बाई. तिरपी काच.
माझ्यासारखाच कोपर टेकवलेला.
तो बराच वेळ बोलला.
दुभाषी ग्वाकनं माशाचा काटा दातातून काढला आणि म्हणाला,
"बायको पण हेच करायची. आता करत नाही."

एवढंच?

मी वेंडेलच्या तोंडाकडे बघत होते.
पाच, दोन, चार, चार,
मग एक.
मग पुष्कळ वेळ एक.
इतकी एक आम्ही कधी काढत नाही,
मिटलेल्या तोंडाला कागद लागत नाही,
तेच चित्र ठेवून द्यायचं,
पैसे वाचतात.

रविवारी सकाळी भावाचा मुलगा बदक बघतो.
ते आता आमच्या भाषेत बोलतं.
"पत्र आलंय!" म्हणतं,
वाक्य संपतं, आणि चोच आणखी जराशी उघडीच राहते.
ती मी काढलेली.
पोरगं हसतं. त्याला काही खटकत नाही.
मी आवाज बंद करते, ते ओरडतं,
मी पुन्हा सुरू करते.

या वसंतात हनोईहून दोन मुली आल्या शिकायला.
मालक म्हणाले, चांगलं शिकवा.
म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं.
मागच्या रांगेतल्या ओक-ब्युननं त्याच दिवशी
आपला कटर आणि चहाचा पेला घरी नेला.

मी शिकवते.
बोटांच्या बेचक्यांत कागद धरून
पुढेमागे फडफडवायचे, की हात हलतो.
आधी हळू, मग भरभर, टेकताना पुन्हा हळू.
उजेडापाशी फार वाकू नकोस.
हे खुणांनीच,
न्हुंगला माझी भाषा येत नाही, मला तिची.

आज ती काहीतरी विचारत होती.
चार, सहा, दोन.
मी खिडकी उघडली.
तिनं मान हलवली. चार, सहा, दोन.
मी पाणी आणलं.
तेव्हा ती हसली, अगदी सात नंबर,
आणि मधलं बोट पुढे केलं,
पेन्सिल टेकते तिथेच सोललेलं.

खणात पट्टी होती.
गुंडाळताना ती बघत होती,
तिच्या बोटाकडे नव्हे,
माझ्या.